दोन गोळ्यांची गोष्ट: एक बंदुकीची, एक मेडिकलमधली

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

उल्हासनगरला कॅम्प ४ मध्ये मेडिकलच्या काउंटरमागे माझी एकतीस वर्षं गेली. आता बदलापूरला निवांत असतो, पण सोसायटीतली माणसं अजून मलाच चिठ्ठ्या दाखवतात. गेल्या महिन्यात आमच्या विंगमधल्या एका ताईंनी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. "काका, ही गोळी इथे स्टेशनजवळ मिळाली नाही, तुमच्या ओळखीने उल्हासनगरला मिळेल का?" मुलगी नववीत, अर्धशिशीचा त्रास. गोळी होती प्रोप्रॅनोलॉल. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणून ही गोळी वर्षानुवर्षं दिली जाते. मी स्वतः हजारो पट्ट्या विकल्या असतील.

पण ही मुलगी दर शनिवार-रविवार खांद्याला काळी पेटी अडकवून ७:१० च्या लोकलला पळते हे मला ठाऊक होतं. पेटीत एअर पिस्तूल असतं. जिल्ह्यातून पुढे राज्य स्पर्धेला निवड व्हायची तिची तयारी चालली आहे.

मी फोन केला. "ताई, गोळी सुरू केली का?" म्हणाल्या, अजून नाही. "मग थांबा. पोरगी नेमबाजी खेळते हे डॉक्टरांना सांगितलंय का?"

"काका, डोकेदुखीच्या गोळीचा आणि बंदुकीचा काय संबंध?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या पट्ट्यात बंदुकीची गोळी म्हटलं की अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आठवते आणि खायची गोळी म्हटलं की डॉक्टर आठवतो. या दोन गोळ्या एकमेकींना कुठे भेटतात हे कुणी सांगतच नाही. म्हणून हा सगळा इतिहास लिहायला बसलो.

आधी गोळीचं काम समजून घ्या. घाबरलो की शरीरात ॲड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, हात थरथरतो. प्रोप्रॅनोलॉल आणि तिची भावंडं, म्हणजे बीटा ब्लॉकर, या ॲड्रेनालिनला हृदयाच्या दारातच अडवतात. ठोके मंदावतात, कंप कमी होतो. रक्तदाबाच्या माणसाला हे वरदान. धावपटूने घेतली तर बिचारा आणखी मागे पडेल. पण एअर पिस्तूलवाल्याचा विचार करा. दहा मीटरवर लक्ष्य, मधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रायफलमध्ये तर तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. साठ नेम, सव्वा तासात. चांगले नेमबाज दोन ठोक्यांच्या मधली शांतता पकडून चाप ओढतात असं म्हणतात. ती शांतता गोळीने लांबवता आली तर? म्हणून ही औषधं नेमबाजीत बंद आहेत. आणि नुसती स्पर्धेच्या दिवशी नाही, वर्षभर, सरावातसुद्धा. गोल्फ किंवा बिलियर्ड्सवाल्यांना ती फक्त स्पर्धेच्या वेळी बंद असतात. म्हणजे नेमबाजाने जूनमध्ये डोकेदुखीसाठी घेतली आणि घरी येऊन तपासणीवाल्यांनी लघवीचा नमुना घेतला, तरी प्रकरण उभं राहतं.

गंमत अशी की ऑलिंपिकच्या इतिहासात उत्तेजक प्रकरणी बाद झालेला पहिला माणूसही हात स्थिर करायलाच गेला होता. १९६८, मेक्सिको. स्वीडनचा हान्स-गुन्नार लिलियेनवाल, खेळ मॉडर्न पेंटॅथलॉन, त्यात एक प्रकार पिस्तुलाचा. जीव शांत व्हावा म्हणून त्याने दोन बिअर घेतल्या असं सांगतात. स्वीडनच्या संघाचं कांस्य गेलं. पुढे १९७६ ला माँट्रियलमध्ये मोनॅकोचा पॉल चेरुत्ती ट्रॅप नेमबाजीत ॲम्फेटामाइन घेतल्याबद्दल बाद झाला. वय ६५ वर्षं, आणि ४४ जणांत ४३ वा! उत्तेजक घेऊनही शेवटून दुसरा. माझ्या दुकानात सेक्शन १७ चे एक सिंधी काका यायचे, त्यांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "साईं, दवा ही खराब थी."

१९८५ मध्ये ऑलिंपिक समितीने बीटा ब्लॉकर बंदीच्या यादीत घातले. तोवर यात चूक काय, असाच सूर होता. नेमबाजीचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण २००८ चं, बीजिंगचं. उत्तर कोरियाचा किम जोंग-सू, ५० मीटर पिस्तुलात रौप्य, १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य. नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल सापडलं. दोन्ही पदकं परत घेतली. ताईंनी फोटोत पाठवलेली तीच गोळी.

हे झालं पकडण्याचं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग: पकडल्यावर काय? कोण ठरवतं? खेळाडू म्हणाला "मला माहीत नव्हतं, डॉक्टरने दिलं", तर ऐकायचं का नाही? या प्रश्नावर जगभरात आजही ज्या निकालाचा हवाला देतात, तो निकाल कुठल्या सायकलपटूचा किंवा धावपटूचा नाही, एका नेमबाजाचा आहे.

१९९४, कैरो, नेमबाजीचा विश्वचषक. अमेरिकेचा क्विग्ली नावाचा स्कीट नेमबाज (उडत्या मातीच्या तबकड्या फोडतात तो प्रकार) तिथे आजारी पडला. परका देश, हॉटेलात डॉक्टर बोलावला, डॉक्टरने औषध दिलं. औषधात एफिड्रीन होतं. आपल्याकडे सर्दी-खोकल्याच्या औषधांत जे असायचं तेच. गडी बरा झाला, उतरला आणि जिंकला. नमुन्यात एफिड्रीन निघालं. जागतिक नेमबाजी संघटनेने, तेव्हा तिचं नाव यूआयटी होतं, आता आयएसएसएफ म्हणतात, त्याचं पहिलं स्थान काढून घेतलं आणि तीन महिने निलंबित केलं.

अमेरिकेची नेमबाजी संघटना आणि क्विग्ली हे दोघं मिळून लोझानला गेले. स्वित्झर्लंडमधल्या या गावात १९८४ पासून खेळांचं लवाद न्यायालय आहे, कोर्ट ऑफ आर्बिट्रेशन फॉर स्पोर्ट, सगळे त्याला 'कॅस' म्हणतात. हे सरकारी कोर्ट नव्हे. आपल्याकडे सोसायटीच्या बिल्डरबरोबरच्या करारात "वाद झाल्यास लवादाकडे" असं एक कलम असतं ना, तसंच. संघटनांच्या नियमात लिहिलेलं असतं की शेवटचा वाद तिथे जाईल. साधारणपणे तीन लवाद बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, निकाल देतात. पुढे वरचा दरवाजा जवळजवळ नाहीच.

२३ मे १९९५ ला निकाल लागला. तो वाचताना मला जे दिसलं ते माझ्या शब्दांत सांगतो. लवादांनी आधी संघटनेच्या बाजूचं बरंच मान्य केलं. शरीरात पदार्थ सापडला की दोषी, हेतू विचारायचा नाही, हे तत्त्व कठोर आहे पण चुकीचं नाही, असं ते म्हणाले. एखाद्यावर त्यात अन्याय होईलही. पण स्पर्धेच्या आदल्या रात्री कुणाला अन्नातून विषबाधा झाली तर त्याच्यासाठी स्पर्धा पुढे ढकलतात का? आणि प्रत्येकाचा हेतू सिद्ध करत बसायचं म्हटलं तर संघटनांचं दिवाळं निघेल, उत्तेजकांशी लढणं बंदच पडेल.

इथवर वाचून वाटतं की क्विग्ली हरला. पण पुढे लवादांनी यूआयटीचं नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात उत्तेजक सेवनाची व्याख्याच अशी होती की कामगिरी वाढवण्याच्या उद्देशाने पदार्थ वापरणे. उद्देशाने! संघटना म्हणाली, अहो शब्द तसे असले तरी आमच्या खेळात सगळे जाणतात की हेतू बघायचा नसतो. लवादांनी ते साफ नाकारलं. इतक्या कठोर नियमाने कुणाचं करिअर थांबवायचं असेल तर तो नियम आधी स्वच्छ शब्दांत लिहिलेला हवा, अधिकृत मंडळाने मंजूर केलेला हवा, आतल्या चार लोकांनाच कळेल असलं एकमेकांना छेद देणाऱ्या कलमांचं जंगल नको. दुसऱ्याशी कडक वागणाऱ्याने आधी स्वतःशी कडक वागलं पाहिजे, असा त्यांचा रोख. क्विग्लीवरची कारवाई रद्द झाली.

आता कुणी म्हणेल, सुटला की एक. पण जगभरच्या संघटनांनी यातून वेगळाच धडा घेतला. नियमातली अशी भोकं बुजवायची! १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, वाडा, उभी राहिली. २००४ पासून सगळ्या खेळांना एकच संहिता लागू झाली. त्यात शंकेला जागाच ठेवली नाही: तुझ्या शरीरात जे जाईल त्याला तू जबाबदार. सापडलं की दोष सिद्ध. मग ते कसं आलं, तुझी चूक किती कमी, हे तू दाखव, आणि तेवढी शिक्षा कमी होईल. म्हणजे क्विग्लीला ज्या फटीतून न्याय मिळाला ती फट त्याच्याच निकालाने बुजली. मला हे वाचून थोडं वाईटच वाटलं, खरं सांगतो.

हे ओझं काय असतं ते आपण मराठी माणसांनी २०१६ मध्ये बघितलंय. खेळ वेगळा होता, कुस्ती. लवाद तोच होता.

नरसिंग यादव. मुंबईचा पैलवान, लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी (२०११, १२, १३), राज्य पोलिसात उपअधीक्षक. २०१५ ला लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलोत कांस्य घेऊन देशाला रिओचा कोटा त्याने मिळवला. मग सुशील कुमारने चाचणी कुस्ती मागितली, दिल्ली हायकोर्टात गेला, जूनमध्ये याचिका फेटाळली गेली. आपल्याकडच्या जत्रांच्या फडांवरसुद्धा त्या वेळी हाच विषय होता. आणि जुलैत बातमी आली: नरसिंगच्या नमुन्यात मेथँडायनोन, स्टेरॉइड. २५ जूनचा नमुना, नंतर ५ जुलैचाही.

नरसिंगचं म्हणणं, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम मिसळलं. राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, शिस्तपालन पॅनेलने ते मानलं आणि १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवलं. पेढे वाटले गेले. पठ्ठ्या रिओला पोहोचला.

तिथे वाडाने अपील केलं. ऑलिंपिकच्या काळात कॅस आपलं तात्पुरतं खंडपीठ स्पर्धेच्या शहरातच बसवतं, ताबडतोब निकाल द्यायला. १८ ऑगस्टला सुनावणी, १९ ला त्याची पहिली कुस्ती. वाडाच्या बाजूने कॅनडाच्या तज्ज्ञ क्रिस्तियान आयोत यांचं मत होतं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण पाण्यात पूड मिसळल्यासारखं नाही, एक-दोन गोळ्या तोंडाने घेतल्यासारखं आहे. बघा, इथेही गोळीच. कुणीतरी मिसळलं याचा पुरेसा पुरावा नाही असं म्हणत खंडपीठाने चार वर्षांची बंदी घातली. साक्षी मलिकच्या पदकाचे फोटो अजून फोनवर फिरत होते, राखी जेमतेम बांधून झाली होती, आणि आपल्याकडे १९ च्या पहाटे ही बातमी आली.

नरसिंग खरा का खोटा, मी सांगू शकत नाही, आणि त्यावर कमेंटमध्ये भांडू नका. माझा मुद्दा वेगळा आहे. दिल्लीतल्या पॅनेलने विचारलं होतं, "याने मुद्दाम केलं असेल का?" रिओतल्या खंडपीठाने विचारलं, "हे कसं आलं ते याने सिद्ध केलं का?" दोन प्रश्नांत चार वर्षांचा फरक पडला. आपल्याकडे अपील आणि सुनावणी म्हटलं की लोकांना वाटतं सहानुभूती मिळाली की काम झालं. तिथे सहानुभूतीचं काही चालत नाही. कागद लागतो. कुठल्या तारखेला, कुणी, काय दिलं, त्याची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, उरलेल्या गोळ्यांची पट्टी. मेडिकलवाला म्हणून सांगतो, "बिल नको, असंच द्या" हे मी दिवसातून पन्नास वेळा ऐकायचो.

परत नेमबाजीकडे येतो. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्याच देशाचा रायफल नेमबाज रवी कुमार, २०१८ च्या एशियाडमध्ये अपूर्वी चंडेलाबरोबर कांस्य जिंकलेला, याच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल सापडल्याचं जाहीर झालं. त्याने सांगितलं की अर्धशिशीसाठी डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतलं होतं. आमच्या विंगमधल्या मुलीचं जे दुखणं, तेच दुखणं, आणि गोळीही तीच. राष्ट्रीय संघातला, परदेशी स्पर्धा खेळलेला, हाताशी फिजिओ-प्रशिक्षक असलेला माणूस यात अडकतो. मग बदलापूरच्या नववीतल्या मुलीला कोण सांगणार?

नियमात थोडी माया आहे, नाही असं नाही. बीटा ब्लॉकर हे स्टेरॉइडसारख्या कडक गटात धरत नाहीत. मुद्दाम घेतलं हे संस्थेने सिद्ध केलं नाही तर शिक्षा दोन वर्षांपासून खाली, अगदी ताकीद देण्यापर्यंत येऊ शकते. सोळाच्या आतल्या मुलांना संहितेत 'संरक्षित व्यक्ती' म्हणतात, त्यांचं नाव जाहीर करण्याची सक्ती नसते. पण एक मेख आहे. इतर आजारांत बंदीतलं औषध लागलंच तर आधी अर्ज करून वैद्यकीय सूट घेता येते, टीयूई म्हणतात तिला. दम्याला, मधुमेहाला मिळते. नेमबाजाला बीटा ब्लॉकरसाठी ती जवळजवळ मिळतच नाही, कारण औषधाने आजार बरा होताना नेमही सुधारतो आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. तेव्हा दुसरं औषध शोधणं एवढाच रस्ता. आणि तो गोळी सुरू करण्याच्या आधी शोधायचा असतो.

आपली यंत्रणा तशी नवीन. नाडा २००५ ची, कायद्याचा आधार तिला २०२२ च्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायद्याने मिळाला. त्यातल्या सरकारी मंडळाच्या अधिकारांवर वाडाने हरकत घेतली म्हणून २०२५ मध्ये दुरुस्ती करावी लागली. प्रकरण आधी शिस्तपालन पॅनेलपुढे, मग अपील पॅनेलपुढे, आणि आंतरराष्ट्रीय खेळाडू असेल तर लोझान. तिथे अर्जाची नुसती फी १,००० स्विस फ्रँक, वकील वेगळा. कल्याण कोर्टात तारीख पडली तरी आपली झोप उडते. वाडाच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले, २१३ सदोष निघाले. त्यात मुद्दाम इंजेक्शनं टोचून घेणारे पुष्कळ आहेत, त्यांची दया मला येत नाही. जिमबाहेर बिनलेबलचे डबे विकणाऱ्यांची तर नाहीच नाही.

पण स्वप्नील कुसाळेने पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकल्यापासून आपल्या बाजूची पोरं नेमबाजीकडे वळताना दिसतात. पदक जिंकला तेव्हा तो मध्य रेल्वेचा टीसी होता, म्हणजे आपल्याच लाइनवरचा माणूस वाटतो. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. आईबाप कर्ज काढून रायफल घेतात, जॅकेट घेतात, पनवेल-मुंबईच्या फेऱ्या मारतात. आणि आजारी पडलं की पोर जातं कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे, ज्यांना हे खेळाडू आहे हेच माहीत नसतं. डॉक्टर विचारत नाहीत, आपण सांगत नाही, काउंटरवरचा मुलगा पट्टी कापून देतो. मीही एकतीस वर्षांत कुणाला एकदाही विचारलं नाही की बाबा, तू कुठला खेळ खेळतोस. खोटं कशाला बोलू.

तर ताईंना एवढंच सांगितलं: डॉक्टरांकडे परत जा, मुलगी नेमबाजी खेळते हे स्पष्ट सांगा, दुसरं काही देता येईल का विचारा, आणि चिठ्ठीवर तारीख आणि सही घ्या. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघायला शिकवलं. मुलगी माझ्यापेक्षा पटकन शिकली. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "अहो, हे मला आधी सांगायला नको का?" आणि औषध बदलून दिलं. पहिली चिठ्ठी ताई फाडायला निघाल्या होत्या, मी फाडू दिली नाही. दोन्ही चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावून ठेवायला सांगितल्या.

मला वाटलं, काम संपलं. काल रात्री साडेदहाला पुन्हा फोटो आला. खोकल्याच्या सिरपची बाटली. खाली लिहिलेलं, "काका, हे चालेल का? रविवारी स्पर्धा आहे."

चष्मा शोधला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला बसलो.